वर्षाचे नेम आणि त्यांची वही

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपणही चार ओळी लिहाव्यात, असा आमच्या चिटणीसबाईंचा आग्रह गेली तीन वर्षे चालू होता. "मला काय लिहिता येते?" असे म्हणून मी दर वर्षी सुटका करून घेत असे. या वर्षी मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवास एक प्रसंग असा घडला की, लिहिल्यावाचून राहवेना.

त्या दिवशी तिळगूळ वाटून झाल्यावर, प्रत्येकीने या वर्षी काय करावयाचे योजिले आहे ते सांगावे, अशी टूम कोणी तरी काढली. कोणी वजन कमी करणार होती, कोणी घराचे कर्ज फेडणार होती, कोणाला नर्मदा परिक्रमा करावयाची होती. हशा झाला, टाळ्या झाल्या. मी सहज म्हटले, "हे सारे एका वहीत लिहून ठेवू या. पुढच्या संक्रांतीस वाचून पाहू." तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, लिहून काय होते? ज्याला करावयाचे तो न लिहिताही करतो, आणि ज्याला नाही त्याची वही कोरी ती कोरीच."

त्यांचे म्हणणे खोटे म्हणवेना आणि खरे मानवेना. घरी आल्यावर या विषयावर जे वाचले होते ते पुन्हा चाळले, आणि माहेर-सासरचे जे पाहिले होते ते आठवून पाहिले. त्यातून जे हाती लागले ते भगिनींपुढे ठेवीत आहे.

वर्षाचा संकल्प सोडणे ही इंग्रजी नववर्षाबरोबर आलेली चाल आहे, असा पुष्कळांचा समज असतो. पण आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या चातुर्मासाचे नेम धरीत आल्या आहेत. आषाढी एकादशीला नेम धरावयाचा आणि कार्तिकी एकादशीनंतर तो सोडावयाचा. कोणी कांदा-लसूण-वांगे वर्ज्य करी, कोणी एकभुक्त राही, कोणी देवाला लाख वाती लावी, कोणी लाखोली वाही. यातील धर्माचा भाग क्षणभर बाजूला ठेवून त्यातला नुसता हिशेब पाहा. चार महिन्यांत लाख वाती व्हावयाच्या तर रोज सुमारे साडेआठशे वळावयास हव्यात. एक दिवस खाडा झाला की दुसऱ्या दिवशी सतराशे! माझ्या माहेरी शेजारच्या आजी शंभर वाती झाल्या की वाटीत गव्हाचा एक दाणा टाकीत. दाणे मोजले की काम कुठवर आले ते कळे. त्यांना अक्षरओळख नव्हती. ते दाणे हीच त्यांची वही.

या नेमांची मांडणी मोठी विचारपूर्वक केलेली दिसते. मुदत ठरलेली, संख्या ठरलेली, रोजचा वाटा आपोआप निघालेला, आणि शेवटी उद्यापन. उद्यापनाला चार माणसे जेवावयास यावयाची, म्हणजे साक्षीदारही झाले. मंगळागौर लग्नानंतर पाच वर्षे, सोळा सोमवार म्हणजे सोळाच. "जमेल तेवढे करू" असे कोणत्याही व्रतात नाही.

दुसरी परंपरा हिशेबाच्या वह्यांची. पेशव्यांच्या दप्तरातील कागद पाहिले म्हणजे आपली माणसे नोंद ठेवण्यात किती वाकबगार होती, याचे आश्चर्य वाटते. रोजचा जमाखर्च रोजकीर्दीत, त्यावरून खात्यांची खतावणी, आणि वर्षअखेर ताळेबंद. येत्या वर्षाचा खर्च काय होईल याचा अजमासही आधी केला जाई. व्यापाऱ्यांच्या पेढीवर दिवाळीत वहीपूजन होऊन पाडव्यापासून नवे खाते सुरू होई. पण या पूजेच्या वेळी घरची बाई काय करी? ती पूजेची तयारी करी, फराळाची ताटे भरी, आणि वहीला हात लावीत नसे. तिचा हिशेब स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघांचा. रतिबाचे दूध किती आले, गवळ्याचे खाडे किती झाले, धोब्याकडे कपडे किती गेले, हे सारे त्या रेघांत असे. दिवाळीला भिंती सारवल्या की वर्षाचा इतिहास पुसला जाई. पुढे 1973 साली 'कालनिर्णय' निघाले आणि या रेघा भिंतीवरून दिनदर्शिकेच्या चौकटींत गेल्या. आमच्या वयाच्या किती जणींचे संसार त्या तारखांच्या पाठीमागे लिहिलेले असतील!

आता परदेशात डोकावू. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शिल्पकारांपैकी एक बेंजामिन फ्रँक्लिन याने तरुणपणी स्वतःसाठी तेरा सद्‌गुण निवडले होते. मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग अशी ती यादी. त्याने एक लहानशी वही केली. प्रत्येक पानावर आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने आणि तेरा गुणांच्या तेरा ओळी. ज्या दिवशी ज्या गुणात चूक होई त्या घरात काळा ठिपका पडे. एका आठवड्यात एकाच गुणावर विशेष लक्ष द्यावयाचे, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. जुने ठिपके खोडून पुन्हा तेच पान वापरता वापरता कागदाला भोके पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांवर पेन्सिलीने खुणा करावयास सुरुवात केली, म्हणजे ओल्या बोळ्याने पुसता येत. उतारवयात आत्मचरित्रात हे सांगताना त्याने कबूल केले आहे की, व्यवस्थितपणा त्याला अखेरपर्यंत साधला नाही. पूर्णत्व तर दूरच राहिले. परंतु त्या खटपटीने आपण होतो त्याहून बरे झालो, असे त्याने म्हटले आहे. एवढा मोठा मनुष्य आपली वही ठिपक्यांनी भरलेली होती असे सांगतो, हे वाचून मला फार धीर आला.

आपल्या गांधीजींचेही असेच. 1888 ते 1891 या काळात ते लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असताना पै-पैचा हिशेब ठेवीत, अगदी गाडीभाडे आणि टपालखर्चसुद्धा, आणि रात्री निजण्यापूर्वी शिल्लक जुळवीत. पुढे सार्वजनिक कामात लाखो रुपये हातून गेले तेव्हा तीच सवय उपयोगी पडली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

पण हे झाले पुरुषांचे. घर चालविणाऱ्या बाईसाठी, घर चालविणाऱ्या बाईनेच केलेली वही मला सापडली ती जपानात. हानी मोतोको या बाई 1873 साली जपानच्या उत्तरेकडील हाचिनोहे या गावी जन्मल्या. तोकियोत शिकल्या आणि 'होची' नावाच्या वृत्तपत्रात नोकरीस लागून वार्ताहर झाल्या. जपानातील पहिली स्त्री-वार्ताहर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याच पत्रातील सहकाऱ्याशी त्यांनी विवाह केला, आणि पतिपत्नींनी मिळून 1903 साली घरगुती विषयांचे एक मासिक काढले. त्यातूनच पुढे 'फुजिन नो तोमो', म्हणजे 'स्त्रियांची मैत्रीण', हे मासिक निघाले. 1904 साली बाईंनी घरखर्चाची छापील वही प्रसिद्ध केली. जपानी भाषेत तिला 'काकेइबो' म्हणतात. अशी वही तेव्हापासून आजतागायत निघत आली आहे.

या वहीत विशेष काय? आपण सर्वसाधारणपणे खर्च झाल्यावर लिहितो. हानीबाईंचे सांगणे असे की, आधी वर्षाचा अंदाज लिहावा. अन्न, कपडा, घर, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, करमणूक, दानधर्म, अशी खाती पाडून कोणत्या खात्याला किती द्यावयाचे ते वर्षारंभी ठरवावे, मग रोज लिहावे, आणि महिन्याच्या अखेरीस ठरविलेले व घडलेले शेजारी शेजारी मांडून पाहावे. वर्ष संपले की, आपण कसे जगावयाचे म्हणत होतो आणि कसे जगलो, हे दोन आकड्यांच्या मधल्या फरकावरून कळते. त्यांच्या मते ही वही काटकसरीपुरती नव्हती. आपल्या घराला कशाची किंमत वाटते हे घरातल्या बाईने स्वतः ठरवावे, यासाठी ती होती.

याहूनही मला भावलेली गोष्ट पुढेच आहे. या मासिकाच्या वाचक स्त्रिया गावोगाव एकत्र जमू लागल्या, आणि 1930 साली 'तोमो नो काई', म्हणजे 'मैत्रिणींचा संघ', अशी त्यांची देशव्यापी संघटना झाली. या बायका आपापल्या वह्या घेऊन बसत आणि एकमेकींचे हिशेब पाहून शिकत. म्हणजे आपले महिला मंडळच की! हानीबाईंनी 1921 साली मुलींसाठी 'जियू गाकुएन' ही शाळाही काढली. 1957 साली त्या वारल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या सरकारी बचत-मोहिमेनेही घरखर्चाची वही उचलून धरली. त्यामुळे वही घरोघर पोचली हे खरे, परंतु बाईने स्वतः ठरविण्याची वही आणि वरून आलेल्या सांगण्यासाठी भरावयाची वही, यांत अंतर आहे. ते वहीच्या रकान्यांत दिसत नाही, वही कोणासाठी भरतो त्यावर ते अवलंबून असते.

हे सारे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एक दुसरीच वही आहे. आता तिच्याविषयी सांगते.

माझे लग्न 1974 साली झाले. सासर साताऱ्याचे. सासूबाई मराठी चौथी शिकलेल्या, अक्षर मात्र मोत्यासारखे. त्या 1991 साली गेल्या. दोन वर्षांपूर्वी जुने घर रिकामे करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. 1949 च्या दिवाळीपासून 1971 च्या दिवाळीपर्यंत, दर पाडव्यास एक, अशा एकूण तेवीस. लाल कापडी पुठ्ठा, आत रोजचा खर्च. 31 मार्च 1957 पर्यंत रुपये-आणे-पै, आणि दुसऱ्या दिवसापासून नवे पैसे. त्या दिवशी समासात लहान अक्षरांत कोष्टक लिहिले आहे, चार आणे म्हणजे पंचवीस, आठ आणे म्हणजे पन्नास. एक आणा म्हणजे किती, तेथे सहा लिहून पुढे प्रश्नचिन्ह केले आहे. पुढे कित्येक दिवस भाजीच्या हिशेबात एखाददुसरा पैसा जुळत नाही, तेथे "चूक" असे प्रामाणिकपणे लिहिले आहे.

प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर श्रीकार, आणि त्याखाली "या साली करणे" अशी यादी. पाच-सहा कलमे असत. वन्सांच्या लग्नासाठी दरमहा पाच रुपये बाजूस टाकणे. पितळी बंब घेणे. मागील दारी न्हाणीचा ओटा बांधणे. धाकट्याची मुंज. थोरल्याची कॉलेजची फी. वर्ष संपले की झालेल्या कलमावर फुली नाही, तर "झाले" असा शब्द आणि तिथी. न झालेले कलम पुढच्या वहीत उतरे. मी एका दुपारी सगळ्या वह्या ओळीने मांडून ती पहिली पानेच वाचली. जवळजवळ प्रत्येक कलम एकदोन वर्षांत "झाले" होऊन गेले होते. अपवाद एका कलमाचा.

"इंग्रजी पहिले पुस्तक पुरे करणे." 1951 च्या पाडव्यास हे कलम प्रथम आले. 1952 च्या यादीत पुन्हा आले. 1953 च्या यादीत ते सर्वांत वर आहे. असे ते 1961 पर्यंत अकरा वह्यांतून उतरत आले, आणि 1962 च्या वहीत नाही. "झाले" असे कोठेही लिहिलेले नाही.

1953 साली ते वर का गेले, हे त्या आधीच्या वहीच्या खर्चात सापडते. श्रावणात एके दिवशी "तार वाचून घेण्यास वकिलांकडे गेले, टांगा ०-६-०" अशी नोंद आहे, आणि खाली "रहिमतपूर, दोन तिकिटे." रहिमतपूर त्यांचे माहेर. तार त्यांच्या वडिलांच्या आजारपणाची होती, हे मी यजमानांकडून ऐकले आहे. घरात पुरुषमाणूस नव्हते. तार हातात घेऊन सासूबाई कोणाकडून तरी ती वाचून घेण्यास गावभर हिंडल्या, आणि दुपारची गाडी चुकली. त्या पोचल्या तेव्हा वडील गेले होते. दुसऱ्या महिन्यात "इंग्रजी पुस्तक ०-१२-०" अशी नोंद आहे. या कलमावर तेवीस वर्षांत खर्च झाला तो एवढाच.

आता मला जे सांगावयास कठीण जाते ते सांगते. मी इंग्रजीची शिक्षिका होते. संध्याकाळी आमच्याच ओसरीवर आळीतल्या पोरांची शिकवणी घेत असे. सासूबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडीत बसत. सतरा वर्षे आम्ही एका घरात होतो. त्यांनी कधी विचारले नाही, आणि मीही त्यांना कधी विचारले नाही. त्या काय ऐकत असत हे माझ्या ध्यानात आले ते त्या गेल्यावर तीस वर्षांनी, माळ्यावरच्या धुळीत बसून.

"लिहून काय होते?" या प्रश्नाचे उत्तर मी त्या वह्यांत शोधले. बंब घेण्याचे कलम पुरे झाले, कारण त्याला दरमहा दोन रुपयांचे खाते होते. मुंज झाली, कारण तिला मुहूर्त होता. फी भरली गेली, कारण न भरून चालणार नव्हते. इंग्रजीच्या कलमाला वेळ नेमून दिलेला नव्हता, पैसा नव्हता, मुदत नव्हती, आणि त्याचा कोणी साक्षीदार नव्हता. लाख वातींना जे होते ते यांतले एकही त्याला नव्हते. ते नुसते लिहिलेले होते. म्हणजे आमच्या त्या वडीलधाऱ्या बाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. नुसत्या लिहिण्याने काम होत नाही.

परंतु उरलेले अर्धे असे की, लिहिले नसते तर त्या बाईची अशी काही इच्छा होती हेसुद्धा जगात कोणाला कळले नसते.

हे होऊ शकत होते का? निश्चित होऊ शकत होते. पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण आपणापुढे आहे. त्या महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. लहान वयात वैधव्य आले, आणि शिक्षणाला सुरुवात झाली ती त्यानंतर. पुढे कर्व्यांच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव हिंडल्या. इंग्रजी यावयास हवे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर 1918 साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी पैसाही जमविला. 1928 साली प्रसिद्ध झालेल्या 'माझी कहाणी' या पुस्तकात हे सारे त्यांनी लिहिले आहे. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यास सेवासदन काढले, तेही मोठ्या वयाच्या स्त्रियांना शिकण्याची सोय नव्हती हे ओळखूनच. पार्वतीबाईंच्या पाठीशी आश्रम होता, सेवासदनातल्या बायकांना एकमेकींची सोबत होती. आमच्या सासूबाईंना उंबऱ्याशी तांदळाचे सूप होते.

तेव्हा माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. येत्या पाडव्यापासून ज्यांची इच्छा असेल त्यांनी एक लहान वही करावी. घराची कलमे लिहावीत, तशी एक ओळ फक्त स्वतःसाठी लिहावी. त्या ओळीपुढे आठवड्यातला वार आणि तास लिहावा, लागणारा पैसा लिहावा, आणि मंडळातल्या एका मैत्रिणीचे नाव लिहावे. तीन महिन्यांतून एकदा त्या मैत्रिणीने नुसते विचारावे, "काय ग, कुठवर आले?" वही चारचौघींत वाचून दाखविण्याचे कारण नाही. खाडे झाले तर फ्रँक्लिनचे ठिपके आठवावेत. ज्यांना मोबाईल सोयीचा वाटतो त्यांनी त्यात लिहावे, दाण्यांची वाटीसुद्धा चालेल. आणि ज्या घरात सासूबाई आहेत त्या घरच्या सुनेने, किंवा सून आहे त्या घरच्या सासूबाईने, मैत्रिणीचे नाव शोधण्यास बाहेर जाण्याची गरज आहे का, हेही पाहावे.

मी माझ्यापासून आरंभ केला आहे. मोडी वाचावयास शिकावे असे माझ्या मनात फार दिवस होते, कारण सासऱ्यांच्या आजोबांचे कागद घरात नुसते पडून आहेत. मंगळवार व शुक्रवार, दुपारी तीन ते चार. शंभर पाने वाचावयाची, असा नेम धरला आहे. आजपर्यंत सदतीस झाली. ज्येष्ठात पाहुण्यांमुळे चार खाडे पडले, तेही लिहून ठेवले आहेत. माझी साक्षीदार कोण, असे विचाराल तर, "लिहून काय होते?" असे ज्यांनी विचारले त्या बाईच. मीच त्यांच्या घरी जाऊन त्यांना गळ घातली. त्या हसल्या आणि 'हो' म्हणाल्या. निघताना दारापर्यंत पोचवावयास आल्या, आणि हळूच म्हणाल्या, "मलाही एक ओळ लिहावयाची आहे. तुमची लाल वही कोठे मिळते?"

मंडळाच्या सर्व भगिनींची ओळ या वर्षी पुरी होवो, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करते.